चुली मोजून ठरवलेली पाणीपट्टी

मेल्या म्हशीला मणभर दूध असते, हे मी जाणतो. परंतु त्या दुधाचे ताक घुसळून ते मलाच पाजण्याचा प्रयत्न गेल्या हिवाळ्यात आमच्या गावी झाला, तेव्हा मी सभेतून उठून चालता झालो. नगरपालिकेच्या नव्या टाकीचा समारंभ होता. जुने सदस्य म्हणून आम्हा दोघा-तिघा जिवंत उरलेल्यांना पहिल्या रांगेत बसवले होते. वक्त्याने आमच्या काळातील अध्यक्षांचे गुणगान आरंभले. हे अध्यक्ष मालगुजार, म्हणजे जुन्या जमीनदार, घराण्यातले. आता हयात नाहीत. "ढिवर मोहल्ल्यातील गरिबांची तहान पाहून त्या दिलदार पुरुषाने स्वखर्चाने रांजण पाठवले, आणि पुढे सामाईक नळाची सवलतही त्यांनीच दिली," असे वक्ता म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हातातला गुच्छ खुर्चीवर ठेवून मी बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ विचारपूस करायला आले. "साहेब, काल तब्येत बरी नव्हती का?"

"तब्येत उत्तम होती," मी म्हणालो. "मळमळ तेवढी झाली."

ती अजून गेलेली नाही, म्हणून लिहितो आहे. रांजण पाठवले गेले, हे खरे. ते कशासाठी पाठवले गेले, हे सांगण्याची लाज ज्यांना वाटायला हवी त्यांना ती वाटत नाही, आणि ज्यांना ठाऊक होते ते बहुतेक गेले. गावाचे नाव मी लिहिणार नाही. भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेच्या काठचे, एवढे पुरे. मी तेथील तालुका कचेरीत वकिली करीत असे आणि कोणत्याही पक्षाची टोपी न घालता नगरपालिकेवर निवडून आलो होतो. हे दुसरे मी बढाई म्हणून सांगत नाही. ज्याच्या डोक्यावर टोपी नसते त्याला सभेत कोण कोणासाठी मान हलवतो ते नीट दिसते, एवढ्यासाठी सांगतो.

नळयोजना सत्तरच्या दशकात आली. त्याआधी उन्हाळ्यात बाया नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरत. ढिवर मोहल्ला, म्हणजे मासेमारांची वस्ती, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी वसलेला. त्यांची विहीर पाळीलाच लागून होती आणि पावसाळ्यात तलावाचे हिरवे पाणी तिच्यात सरळ उतरे. त्या विहिरीच्या पाण्याला शेवाळाचा आणि कुजक्या वेलींचा वास येई. दर पावसाळ्यात मोहल्ल्यात हगवण लागे आणि लहान मुले जात. नळयोजनेत मोहल्ल्याच्या तोंडाशी एक सार्वजनिक नळ बसला, तेव्हापासून त्या विहिरीकडे कोणी फिरकले नाही. भांडणे होत, भंडाऱ्याच्या बाजारातून आणलेल्या पितळी गुंडांना, म्हणजे घागरींना, पोचे पडत, पण पाणी स्वच्छ होते.

पुढे ऐंशीच्या दशकात योजनेच्या कर्जाचे हप्ते थकले आणि वरून पत्र आले, की पाणीपट्टीचे दर नव्याने ठरवा, घरोघरी जोडण्या द्या आणि सार्वजनिक नळ बंद करा. पत्रात गैर काही नव्हते. पाणी उपसायला वीज लागते, विजेला पैसे लागतात. प्रश्न इतकाच होता की ते कोणी किती द्यायचे. त्यासाठी तिघांची समिती नेमली गेली. अध्यक्ष, भाताची गिरणी चालवणारे एक सदस्य आणि मी.

माझे म्हणणे पहिल्या बैठकीपासून एकच होते. नळ मोजा. एका आवारात एक नळ असेल तर सर्वांत कमी दर, मग त्या आवारात माणसे कितीही असोत. दुसरा नळ घेतला तर दुप्पट, तिसरा घेतला तर त्याहून अधिक. एकाहून जास्त नळ असलेल्या घराला कोणतीही सवलत नाही. नळ रस्त्यावरून मोजता येतो. तो पदराखाली झाकता येत नाही.

"वकीलसाहेब, तुम्ही फार सरळ चालता," अध्यक्ष हसून म्हणाले. "गरिबांचा विचार नको का? लहान कुटुंबांना सवलत दिली पाहिजे."

"लहान कुटुंब ओळखायचे कसे?"

"चुलीवरून," गिरणीमालक म्हणाले. "चूल वेगळी, कुटुंब वेगळे. आपल्याकडची जुनी रीतच आहे."

ऐकायला ते गोड होते. ठरले असे, की ज्याची चूल वेगळी ते स्वतंत्र लहान कुटुंब, आणि अशा प्रत्येक कुटुंबाला नळाचा अर्धाच दर. जे मोठे कुटुंब एकत्र राहते त्याला माणसे मोजून चढा दर, कारण माणसे जास्त तर पाणी जास्त. मी विचारले, की एका घरात दोन सुनांनी भांडून दोन चुली मांडल्या तर सवलत द्यायची का? तेव्हा गिरणीमालकांनी आपण फार काटेकोर आहोत असा आव आणून एक दुरुस्ती सुचवली. चूल आणि पाणी दोन्ही वेगळे असेल तरच वेगळे कुटुंब. म्हणजे पिण्याच्या पाण्याचा रांजण स्वतंत्र हवा. दोन विरुद्ध एक अशी ती मंजूर झाली. माझा विरोध मी लेखी नोंदवला. वक्त्याने तो वाचला असता तर बरे झाले असते. पण ज्यांना स्तुती करायची असते त्यांना वाचण्याची सवड कोठून मिळणार?

चुली मोजायला पालिकेचा कारकून निघाला, तेव्हा मी हट्टाने त्याच्याबरोबर गेलो. पहिल्याने ढिवर मोहल्ल्यात गेलो. तिथे एका अंगणाभोवती तीन खोल्या होत्या आणि त्या अंगणाची मालकीण एक म्हातारी होती. तिला सारे गाव बुढी म्हणे. ती बाजारात मासोळी विकायला बसे आणि तराजूला तिचे बोट लागते अशी तिची ख्याती होती. मी एकदा तिला तसे तोंडावर म्हणालो, तर म्हणाली, "अन् तुमच्या फीसले बोट कोन लावते जी, वकीलबाबू?" तेव्हापासून आमचे फारसे सख्य नव्हते. लोक आता तिची देवी करू पाहतात. ती देवी नव्हती. तिची जीभ कोयत्यासारखी होती आणि ती कोणावरही चाले.

"बुढे, चुली किती?" कारकुनाने विचारले.

"तीन. तीन सुना, तीन चुली. एकीच्या हातचं दुसरीले गोड लागत नाई."

"अन् पानी?"

"पानी एक." तिने अंगणाच्या मधोमध, कडुनिंबाच्या सावलीत वाळूवर बसवलेल्या रांजणाकडे हात केला.

"मग एकच कुटुंब लिहावं लागते."

"लिव ना! कोनं मना केलं? पानी एक तं घर एक."

कारकून भला माणूस होता. त्याने तिला समजावले, की एक कुटुंब लिहिले तर सारी माणसे मोजली जातील आणि दर चढा लागेल. तो परवडला नाही तर नळ मिळणार नाही, आणि कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ तर उन्हाळ्याच्या तोंडी बंद होणार आहे.

"मानसं मोजून राह्यला का ढोरं?" म्हातारी म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता. जाळे विणत बसलेला थोरला मुलगा हात थांबवून ऐकू लागला. पाळीखालची विहीर तिथून दिसत होती. त्या विहिरीने या अंगणातली दोन नातवंडे नेली होती, हे मोहल्ल्यात सर्वांना ठाऊक होते.

"एक काम कर," कारकून म्हणाला. "प्रत्येकीच्या दाराशी एकेक रांजण ठेव. मी परत येतो. तीन चुली, तीन पाणी, तीन कुटुंबं लिहितो. अर्धा दर लागन."

धाकट्या सुनेने तोंडावर पदर घेतला. मग म्हातारी उठून उभी राहिली.

"मी मेली काय रे?" ती म्हणाली. "माह्या डोळ्यादेखत तीन रांजन मांडाले सांगून राह्यला तू?"

तेव्हा मला ती रीत समजली, आणि ज्यांना अजून समजलेली नाही त्यांच्यासाठी लिहितो. त्या घरांत भाऊ वेगळे होत. भांडून होत, लग्नानंतर होत, कधी नुसत्या कंटाळ्याने होत. चूल फुटण्यात त्यांना काही विशेष वाटत नसे. पण आई जिवंत असेतो पाणी एक राही. सगळ्या सुना पाळीपाळीने आईचाच रांजण भरत आणि सारे घर त्यातून पिई. आई गेली की तेरवी आटोपल्यावर तो रांजण पालथा घालीत आणि प्रत्येक मुलगा आपापला नवा रांजण आणून मांडी. एकाच अंगणात दोन रांजण दिसले की अनोळखी माणूससुद्धा समजे, या घरची म्हातारी गेली. जिवंत आईसमोर दुसरा रांजण मांडणे म्हणजे तिची तेरवी तिच्यासमोर उरकणे होते. गिरणीमालकांनी दुरुस्ती सुचवताना हे त्यांना ठाऊक होते की नव्हते, हे मी सांगू शकत नाही. ठाऊक असते तरी त्यांनी ती सुचवली असती, एवढे मात्र मी शपथेवर सांगेन.

तिथून आम्ही अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांनी जुने घर पाडून नवे सिमेंटचे घर बांधले होते. खाली मोझॅइकची फरशी होती आणि स्वयंपाकघरात गॅसची शेगडी होती. घरात एक स्वयंपाकी होता आणि एकच पंगत बसत असे, हे सर्वांना माहीत होते, कारण गावातले निम्मे लोक तिथे कधी ना कधी जेवले होते. नळ मात्र पाच होते. एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीत, एक माडीवर, एक बागेत आणि एक गोठ्यात.

त्या घरात चुली निघाल्या. दिवाणजींच्या खोलीत, तिजोरीशेजारी, मोझॅइकच्या चकचकीत फरशीवर ओल्या मातीची एक चूल बसवलेली होती. तिच्यावर अजून सारवणाऱ्या बाईच्या बोटांचे वळ दिसत होते. वर छताला धुराचा ठिपका नव्हता. चुलीजवळ एक कोरा रांजण होता आणि त्यात पाण्याऐवजी कोळिष्टक होते. माडीवरच्या चुलीत मांजर निजले होते. गोठ्यात चूल होती आणि एक कालवड तिची माती चाटीत होती.

"गोठ्यात कोणाचे कुटुंब राहते?" मी विचारले.

"गडी राहतो ना," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लाजेची सुरकुतीही नव्हती. "त्याचेही कुटुंब आहे. गरीब माणूस आहे, वकीलसाहेब. त्याला सवलत मिळायला नको?"

कारकुनाने खाली मान घालून पाच कुटुंबे लिहिली. त्या घरातून बाहेर पडल्यावर मी रस्त्याच्या कडेला थुंकलो. चाळीस वर्षे लोक म्हणतात, की वकील उद्धट होता, मालगुजारांच्या दारात थुंकला. दारात थुंकलो नाही. फाटकाबाहेर, पालिकेच्या नालीत थुंकलो. ज्याला वाद घालायचा असेल त्याने येऊन घालावा.

याचा अर्थ असा होत होता, की ज्या घरात बागेला पाणी द्यायला स्वतंत्र नळ होता त्याला पाचही नळ अर्ध्या दरात, आणि ज्या अंगणात एकही नळ नव्हता त्याला पहिलाच नळ सर्वांत चढ्या दराने. याला ते गरिबांची सवलत म्हणत होते.

आता रांजणांची हकिकत सांगतो. मसुद्यावर हरकतींची सुनावणी व्हायची होती आणि मोहल्ल्यातून हरकत येणार अशी कुणकुण अध्यक्षांना लागली. हरकत आली तर चुलींची चर्चा उघड सभेत होणार होती. तेव्हा एके दिवशी त्यांची बैलगाडी पेंढ्यात बसवलेले नवे रांजण घेऊन मोहल्ल्यात शिरली. मी तेव्हा तिथेच होतो, एका दाव्याच्या साक्षीदाराला भेटायला गेलो होतो. गाडीवान ओरडून सांगत होता, "मालकानं पाठवले! एकेका दारी एकेक ठेवा, अर्ध्या पट्टीत नळ घ्या!"

इतर अंगणांतही म्हाताऱ्या होत्या. बाया दारांतून पाहत होत्या. कोणी पुढे झाली नाही. मग ही बुढी गाडीजवळ आली आणि तिने एक रांजण बोटांनी वाजवून पाहिला.

"पक्का हाय," ती म्हणाली. "कितीक आनले?"

"पुरेसे हायेत, बुढे. तुले तीन."

"मालकाले सांग, रांजन भेटले. आता लाकडं बी पाठव म्हना."

"लाकडं कायले?"

"मले जाळाले. रांजन आदी अन् मयत मंग, अशी उलटी रीत त्याच्या घरी असन. आमच्यात पयले मयत होते."

तिने आपल्या मुलांकडून ते रांजण उतरवून घेतले आणि वाटेच्या कडेने एकामागे एक पालथे घातले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते तसेच होते. कुत्री त्यांवर पाय वर करीत. दिलदारीचे जे प्रवचन मला ऐकवण्यात आले त्याचा माल हा असा होता.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. अध्यक्ष अध्यक्षस्थानी, त्यांच्या उजव्या हाताला गिरणीमालक, डाव्या हाताला मी, समोर मुख्याधिकारी आणि मागे बाकांवर माणसे. बुढी बाजारातूनच सरळ आली होती. तिच्या लुगड्याला मासोळीचा वास होता. गिरणीमालकांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"रुमाल कायले जी?" ती म्हणाली. "कालच्या बजारात दोन वाम नेल्या, तवा तं वास नाई आला?"

मागून हसू आले. मुख्याधिकाऱ्यांनी टेबलावर पेन आपटला. "बाई, हरकत काय ते सांगा."

"सांगतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या कित्येक बाया स्वतःविषयी असेच बोलतात. "पन आदी मालकाले एक इचारतो. मालक, तुमच्या घरी पानी किती?"

अध्यक्षांनी घसा साफ केला. "आमच्याकडे पाच कुटुंबे वेगळी राहतात."

"ते चुलीचं झालं. पानी किती?"

"पाच."

"रांजन पाच?"

"हो, पाच. त्यात विचारायचे काय?"

म्हातारीने पदर डोक्यावर घेतला. दुखवट्याला गेलेली बाई जसा घेते तसा. आणि आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, "मंग मोठी मालकीन कवा गेली जी? आमाले खबर बी नाई देल्ली. तेरवीले आमी आलो असतो ना."

अध्यक्षांच्या मातोश्री तेव्हा धडधाकट होत्या. त्याच सकाळी देवळात जाताना अर्ध्या गावाने त्यांना पाहिले होते. मग मागच्या बाकावरून कोणीतरी फुटला आणि सारे सभागृह हसू लागले. अध्यक्षांच्या मानेवर रक्त चढलेले मी जवळून पाहिले. ते काही बोलू गेले. पण काय बोलणार? आई जिवंत आहे म्हणावे तर पाणी एक, आणि पाणी एक तर सवलत नाही.

"माही हरकत येवढीच हाय," म्हातारी म्हणाली. "पट्टी लावा. भरन मी. फुकट मागून नाई राह्यली. पन मले मेली म्हनून नळ देऊ नोका. जितीले द्या."

ती निघून गेली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही.

यानंतरची एक गोष्ट मी पाहिलेली नाही, म्हणून ऐकीव म्हणूनच सांगतो. अध्यक्षांच्या मातोश्रींना दुपारच्या आतच हे कळले, आणि त्यांनी हातात मुसळ घेऊन दिवाणजींच्या खोलीपासून गोठ्यापर्यंत एकेक चूल फोडली, असे त्यांची मोलकरीण सांगत असे. मी पाहिले ते इतकेच, की पुढच्या सभेत अध्यक्षांनी आपल्या घराची नोंद एक कुटुंब अशी दुरुस्त करून दिली आणि ती देताना कागदावरून नजर वर केली नाही.

त्या सभेत मी माझा ठराव पुन्हा मांडला. चुली आणि रांजण काढून टाका, नळ मोजा. एका आवारात एक सामाईक नळ असेल तर सर्वांत कमी दर, माणसे आणि चुली न मोजता. आणि मोहल्ल्यात प्रत्येक अंगणात नळ पोचेपर्यंत कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ बंद करायचा नाही. गिरणीमालकांनी विरोध केला. मतदानाची वेळ आली तेव्हा अध्यक्ष, "मी या विषयात भाग घेत नाही," असे म्हणून व्हरांड्यात गेले आणि पान लावीत उभे राहिले. ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला. सामाईक नळाची सवलत 'देणारा' पुरुष त्या वेळी चुना लावत होता. मी खिडकीतून पाहत होतो.

या हकिकतीच्या आणखी दोन आवृत्त्या गावात चालतात, त्यांचाही समाचार घेतो. चहाच्या टपरीवर सांगतात, की बुढीला वकिलाने शिकवून पाठवले होते. मला ही स्तुती नको. जे माझे आहे ते मी वसूल करतो, पण दुसऱ्याचे शब्द खिशात घालण्याची सवय मला नाही. तो प्रश्न मला सुचला असता तर मी समितीतच विचारला असता आणि त्याच दिवशी मोकळा झालो असतो. मला तो सुचला नाही, कारण ती रीत माझी नव्हती. अध्यक्षांना तो प्रश्न इतका लागला, याचे कारण मात्र ती रीत थोड्या वेगळ्या रूपात त्यांच्याही घरची होती. आईच्या हयातीत वाटण्या करणाऱ्याला आमच्याकडे कोणत्याही जातीत मान नाही.

दुसरी आवृत्ती शिकलेल्यांची आहे आणि तिचा मला अधिक उबग येतो. हे लोक म्हणतात, की वकिलाने अडाण्यांच्या समजुतीचे लाड केले. तीन रांजण ठेवले असते तर काय आकाश कोसळले असते? मी त्यांना विचारतो, ज्या नियमात हक्क मिळवायला आधी खोटे बोलावे लागते तो नियम कोणासाठी असतो? ज्याला खोटे स्वस्त पडते त्याच्यासाठी. अध्यक्षांना पाच खोट्या चुली फुकट पडल्या. म्हातारीला एक खोटा रांजण तिच्या जिवंतपणाएवढा महाग होता. दर न्याय्य असणे म्हणजे काय, याचा यापेक्षा साधा हिशोब मला मांडता येत नाही, आणि ज्यांना तो कळत नाही त्यांना शाळेत काय शिकवले, कोण जाणे.

पण शिसारी इथे संपत नाही. सामाईक नळाचा नियम होताच गिरणीमालकांनी गिरणीमागे मजुरांची दोन खोल्यांची चाळ दाखवून तिथे सर्वांत कमी दराचा नळ घेतला, आणि त्याला रबरी नळी जोडून गिरणीचे भात भिजवण्याचे हौद त्याच पाण्याने भरू लागले. मी जाऊन ती नळी स्वतःच्या हाताने उपटली. माझ्यावर फिर्याद झाली. ती फिर्याद मी जिंकलो. पुढची निवडणूक हरलो.

निवडणुकीच्या आधीच, पावसाळ्यानंतर, म्हातारीच्या अंगणात नळ बसला. पाणी कमी दाबाने येई, पण येई. तिने पट्टी वेळेवर भरली. मोहल्ल्यात सर्वांच्या आधी. आणि मग एक दिवस, सभा चालू असताना, ती पितळी गुंड कमरेवर घेऊन सभागृहात आली आणि तिने तो मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला.

"प्या," ती म्हणाली.

"काय झाले, बाई?"

"तुमी प्या, मंग सांगतो."

मुख्याधिकारी पिईनात. मी उठलो, ओंजळीत घेतले, तोंडाजवळ नेले आणि तिथेच थांबलो. सडक्या पिसांचा तो वास मी अजून विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी टाकीवर माणूस चढवला. वरचे झाकण कधीचेच निघालेले होते आणि आत कबुतरे फुगून तरंगत होती. किती दिवसांपासून, ते कोणी सांगू शकले नाही. सारे गाव ते पाणी पीत होते. देवळात त्याचा अभिषेक होत होता, मालगुजारांच्या घरी पाहुण्यांना तेच मिळत होते. कित्येकांना वास आला असणार. पण तक्रार करायला आली ती एकटी, कारण बाकीचे आपल्या घरी नळ आहे या अभिमानात नाक दाबून पीत होते.

टाकी धुतली गेली. म्हातारी पुन्हा आली. आता तिची मागणी होती, की जितके दिवस मेल्या पाखराचे पाणी पाजले तितक्या दिवसांची पट्टी कापा. सदस्य हसले. "उद्या ही पगार मागेल!" कोणी म्हणाले. मी तिची मागणी ठराव म्हणून मांडली, की ज्या काळात पिण्याजोगे पाणी दिले नाही त्या काळाची पाणीपट्टी सर्व नळधारकांना माफ करावी. 'सर्व' हा शब्द ऐकू आला आणि सभागृहातले हसणे थांबले. ज्यांनी एक क्षणापूर्वी टवाळी केली होती त्यांच्या चेहऱ्यांवर आपापल्या घरचे नळ दिसू लागले. अनुमोदन अध्यक्षांनी दिले. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या सभागृहातले मी पाहिलेले ते एकमेव एकमत, आणि त्याची मला आजही किळस येते.

बातमी सांगायला मी स्वतः मोहल्ल्यात गेलो. म्हातारी अंगणात मासोळी खवलत बसली होती. मी सांगितले, की सूट मिळाली. तिने मान हलवली.

"अन् मालकाले?"

"त्यांनाही मिळाली. पाचही नळांची."

मला वाटले, आता ती शिव्या देईल. खरे सांगायचे तर मला त्या ऐकायच्या होत्या. तिने हातातली मासोळी उलटवली आणि दुसऱ्या बाजूने खवले काढू लागली.

"भेटू द्या," ती म्हणाली. "त्यानं बी तेच पानी पेलं ना."